चाखून थुंकायचं पाणी

तिसऱ्या दिवशीही वारा पडला नव्हता. समुद्रापलीकडून, आफ्रिकेच्या अंगानं, तो पिठासारखी बारीक धूळ घेऊन यायचा आणि फरसान बेटावर चाळणीनं चाळल्यासारखी ओतायचा. उजाडलं म्हणायचं, पण सूर्य कुठं नव्हता. जुन्या गादीवर पडावा तसा आभाळात एक पिवळट डाग होता, एवढंच. जिझानहून येणारी फेरी सोमवारपासून बंद होती. फेरी बंद म्हणजे बेटावर दूध नाही, अंडी नाहीत, टोमॅटो नाहीत. बेटाचं पोट त्या एका बोटीला दोरीनं बांधलेलं. दोरी तुटली की तिसऱ्या दिवशी दुकानांत उरतात नुसते डबे आणि बिस्किटं.

शौकतनं रुमाल नाकावरून आवळून बांधला आणि विहिरीवर आला. काठावर दगडानं दाबलेलं झाकण सरकवलं, बादली सोडली. सौर पंप होता, पण चाखण्याचं पाणी पंपाचं चालत नसे. ते दोरीनंच वर यायचं, फजरची नमाज झाल्यावर, विहीर रात्रभर निजून उठलेली असताना. दोरीला एक गाठ होती. बादली त्या गाठीच्या खाली जाऊ द्यायची नाही, असा या घरचा कायदा. पाणी वर आलं. त्यानं ओंजळभर घेतलं, जिभेवर फिरवलं, टाळूला लावलं आणि गिळलं.

मग तो घराकडे गेला. खिडकीच्या आत म्हातारा अली खाटेवर होता. गेल्या हिवाळ्यात अंगाची डावी बाजू लुळी पडल्यापासून त्याचं जग त्या खिडकीएवढं झालं होतं.

"कसं आहे?" अलीनं विचारलं.

"हिलू," शौकत म्हणाला. गोड.

"अलहम्दुलिल्लाह."

अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. एक सवाल, एक जवाब. अली त्याचा कफील, म्हणजे इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर, नाव असलेला मालक, पण शौकत त्याला 'अम्म' म्हणायचा, म्हणजे चुलता. गावाकडे बायकोला, रईसाला, पहिल्यांदा फोनवर हे ऐकू आलं तेव्हा ती हसली होती. "तुमी त्या दाढीवाल्याला अम्मी बोलताव?"

फाटकाशी कादिर उभा होता. बकाल्यावाला, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा माणूस. मूळचा केरळचा, हिंदी बोलायचा ती मोडूनतोडून. त्याच्या मागे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची छोटी गाडी, आणि तिच्यामागे काळ्या अबायातल्या दोन बायका, हातात रिकाम्या पिशव्या.

"शौकतभाई, कितना पेटी?"

"दो."

"दो? पिछला साल फेरी बंद हुआ तो तुम आठ दिया. काकडी को भी इकामा का प्रॉब्लेम है क्या?"

शौकत हसला नाही. त्यानं दोन पेट्या पुढे सरकवल्या. काकड्या बोटाएवढ्या, टोकाला आक्रसलेल्या. जिरजिर या पालेभाजीच्या पेंढ्या होत्या, पानांच्या कडा विडीनं चटका दिल्यासारख्या तपकिरी. गाडीवाल्यानं एक पेटी उचलली, कादिरनं दुसरी. बायकांपैकी एक, म्हातारी, पुढे येऊन पेटीत बघू लागली. तिनं एक काकडी उचलली, नखानं दाबली, परत ठेवली. काही बोलली नाही. न बोलण्याचं शौकतला जास्त लागलं.

"गरमी है," तो कादिरला म्हणाला.

"गरमी तो अल्लाह हर साल देता है, भाई."

शौकत वाशिष्ठीच्या खाडीकाठचा. घरापुढे खाजण होतं. खाजण म्हणजे समुद्राच्या तोंडातून ओढून काढलेलं शेत. पुढं मातीचा बांध, बांधात उघाडी, म्हणजे लाकडी दार. भरतीला ते आपोआप मिटायचं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं. त्यात लाल राता भात. बांधाची डागडुजी गावकीची. मिरगाच्या आधी घरटी एक माणूस बांधावर हजर पाहिजे, मग तो मौलवी असो की मेलेल्याच्या घरचा. शौकतचा बाप त्या कामाचा मुकादम. डोक्याला फडकं, हातात फावडं, तोंडात एकच गोष्ट: "खाऱ्याला शिव्या देऊन खारा जात नाय. गोड्याला आणून बसवा, खारा आपसूक उठतो." पाऊस लागला की उघाडी धरायची, शेत तुडुंब भरू द्यायचं, मग सोडायचं; परत भरायचं, परत सोडायचं. तीन धुण्यांत जमिनीचं मीठ उतरायचं. शौकतला हे अलिफ-बेच्या आधी शिकवलं गेलं होतं.

चोविसाव्या वर्षी तो सौदीत आला. अल खफजीला मच्छीच्या लाँचवर चार वर्षं, मग समुद्राकाठी नवं शहर बांधत होते तिथं सिमेंटच्या पोत्यांत सात वर्षं. फुप्फुसात सिमेंट बसलं. एका ओळखीच्यानं सांगितलं, फरसानला एका म्हाताऱ्याला बागेसाठी माणूस पाहिजे. बेट म्हणजे काय ते शौकतला ठाऊक होतं. खाडीतल्या जुव्यावर, म्हणजे बेटावरच, त्याची मावशी दिली होती. तो आला आणि राहिला.

तो आला त्याच आठवड्यात अलीनं त्याला विहिरीच्या काठावर बसवून सांगितलं होतं. या बेटाच्या पोटात समुद्रच आहे. पावसाचं जे काय चार थेंब पाणी मुरतं ते त्या खाऱ्याच्या वर तरंगतं, रश्शावर तवंग असतो तसं. तवंग चमच्यानं हळूच काढायचा. डाव बुडवलास की खालचा रस्सा वर. माझ्या आज्याच्या आज्यानं ही विहीर खणली आणि तेव्हापासून कुणी गाठीखाली गेलेलं नाही. रोज पहाटे चाख आणि थुंक. प्यायचं पाणी घरातून घे.

"थुंकू?" शौकतनं विचारलं होतं.

"हो. चाख, थुंक."

तेवढं मात्र शौकतला जमलं नाही. विहिरीच्या काठावर, तोंडात घेतलेलं गोडं पाणी थुंकायचं? बावा जिवंत असता तर कानफटात बसली असती. पाण्यावर थुंकणाऱ्याच्या घरी पाणी रुसतं. त्यात त्या पाण्याला चव होती. घरातलं नळाचं पाणी समुद्रातून मीठ काढून केलेलं, उकळून गार केलेल्या पत्र्यासारखं लागायचं. विहिरीचं पाणी खाडीपल्याडच्या झऱ्यासारखं. तो पहिल्याच दिवशी गिळून मोकळा झाला, आणि मग ते पाणी त्याचं प्यायचंच पाणी झालं. चहा त्याचा, डाळ त्याची. अलीला त्यानं सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दोन वर्षांपूर्वी अलीची मुलगी अरवा कुठल्याशा योजनेतून सौर पंप घेऊन आली. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पंपाबरोबर काळ्या नळ्या आल्या, थेंबाथेंबानं पाणी देणाऱ्या, आणि पेनाएवढं एक मीटर. पाण्यात बुडवलं की त्यातल्या मिठाचा आकडा दाखवायचं. अरवानं मीटरच्या झाकणावर नखाच्या रंगानं लिहून ठेवलं होतं: १५००. याच्या वर गेलं तर पंप बंद, मला फोन.

"रोज बघशील?"

"रोज," शौकत म्हणाला होता. मीटर चहाच्या डब्यात गेलं. ज्याच्या जिभेला नऊ वर्षं झाली त्याला पेन काय शिकवणार?

गेल्या मार्चमध्ये वाफ्यांवर पांढरं फूल आलं. मीठ. नळ्यांच्या दोन्ही बाजूंनी, कुणी रांगोळीची रेघ ओढावी तसं. शौकतनं बघितलं आणि त्याला हसूच आलं. जुना ओळखीचा माणूस परदेशात भेटावा तसं. याचं औषध त्याला माहीत होतं. त्यानं नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या, वाफ्यांना मातीचे वरंबे घातले आणि पंप सुरू केला. सकाळपासून ऊन असेपर्यंत. वाफे भरले, मुरू दिले, परत भरले. तीन धुणी, बावाच्या हिशोबानं. दहा दिवस. पांढरं गेलं. माती काळी दिसू लागली. त्या रात्री त्यानं रईसाला फोन करून सांगितलं, "बावाचा इलाज हितं पण चालतो."

मेमध्ये पानांच्या कडा करपल्या. तो म्हणाला, ऊन. जूनमध्ये काकडी आक्रसली. तो म्हणाला, बी खराब. रोज पहाटे तो ओंजळ गिळत होता आणि खिडकीशी जाऊन सांगत होता, हिलू.

त्या दिवशी पेट्या गेल्यावर तो हॉस्पिटलला निघाला. रक्तदाबाची तपासणी होती. डॉक्टर अहिल्या साताऱ्याकडची. बेटावर मराठी बोलायला माणूस म्हणून दोघांना एकमेकांचं अप्रूप. दर वेळी तो तिच्यासाठी काहीतरी न्यायचा. आज भाजी नव्हती. त्यानं बाटलीत विहिरीचं पाणी भरून घेतलं. वारा असला की नळाच्या पाण्याला वास येतो, बाईला बरं वाटेल.

तिनं पट्टा बांधला, फुगवला, सोडला. परत बांधला.

"शौकतकाका, तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

"कशी वो, डॉक्टरबाई?"

"तीन महिन्यांत दोनदा गोळी वाढवली. प्रेशर खाली यायला तयार नाही. पाय बघू. हे बघा, बोट दाबलं की खड्डा राहतोय. सुकट खाताय ना चोरून?"

"रमजानपासून सुकटीला हात नाय लावला. कुराणाची शपथ घेऊन सांगतो."

"लोणचं?"

"नाय."

"पापड?"

"कोण देतोय हितं पापड, बाई. डाळभात खातो, तो पण अळणी. रईसानं फोनवरून मीठ बंद केलाय माझा."

"मग मीठ काय हवेतून येतंय?" ती वैतागून म्हणाली आणि मग हसली. "काय आणलंय आज?"

"पाणी. आमच्या विहिरीचं. आख्ख्या बेटावर असलं गोडं पाणी नाय. घ्या, एक घोट घ्या."

ती बाटलीतून प्याली. तिचा चेहरा क्षणभर तसाच राहिला, पाहुण्याच्या घरी बिघडलेला पदार्थ तोंडात आलेल्या माणसासारखा. मग ती उठली, कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली आणि वाकून थुंकली. नळ सोडून चूळ भरली.

"काका," ती पाठमोरीच म्हणाली, "हे तुम्ही रोज पिता?"

"रोज. चहा पण त्याचाच."

"घसा दुखत असला तर गुळण्या करायला ठीक आहे हे." मग तिनं वळून त्याच्याकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "तुम्हाला खरंच लागत नाही?"

त्यानं बाटली तिच्या हातातून घेतली, एक घोट घेतला. जिभेवर फिरवला. टाळूला लावला. गोड होतं.

परतताना तो बकाल्यावरून पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आला. खोलीत बसून त्यानं त्या पाण्यानं चुळा भरल्या, मग ते प्याला, मग दुपारभर दुसऱ्या पाण्याला शिवला नाही. असरच्या बांगेनंतर विहिरीची बादली काढली आणि ओंजळ तोंडात घेतली. आता कळलं. भरतीला उघाडी फुटून आत येतं ते पाणी. त्याची मुळातली चव तो विसरला होता, कारण रोज थोडं थोडं करून ती त्याच्या तोंडातच मुक्कामाला आली होती.

त्यानं चहाच्या डब्यातून मीटर काढलं. चहाची पूड झटकली, बुडवलं. आकडे पळाले आणि थांबले. तीन हजाराला थोडे कमी. झाकणावर अरवाचं १५०० लाल नखासारखं चमकत होतं.

रईसाचा फोन आला तेव्हा तो बादलीपाशीच बसला होता.

"अवो इफराचे अब्बा, काय झाला? आवाज असा का?"

"आपल्या खाजणात आता काय हाय?"

"काय असणार? तिवरं. माणसाच्या डोक्याच्या वर गेलीत. परवा बकरी शिरली ती गावली नाय." ती थांबली. "आज कसा काय विचारला?"

खाजण जाऊन नऊ वर्षं झाली होती. बांधाला खांड पडलं तेव्हा घरटी एक माणूस बोलावला. सतरा घरांतून पाच म्हातारे आले. बाकीचे दम्माम, दोहा, कुवेत. पाच म्हाताऱ्यांनी चिखल थापला, तो दुसऱ्या भरतीला गेला. शौकतला इथं फोनवर कळलं होतं. तेव्हा त्यानं या विहिरीकडं बघून मनाशी म्हटलं होतं, ते गेलं. पण हे आपल्या हातात आहे.

"असाच विचारला," तो म्हणाला.

सकाळी धूळ जरा कमी होती. त्यानं गाठीपर्यंत बादली सोडली, पाणी काढलं, चाखलं. आणि विहिरीपासून चार पावलं बाजूला जाऊन थुंकला. मग खिडकीकडे गेला.

"कसं आहे?"

"मालिह," शौकत म्हणाला. खारट.

अलीचा चांगला हात पांघरुणावर होता तो तसाच राहिला. आतून अरवाच्या कपबशांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"आजपासून?"

"नाही, अम्म. कधीपासून ते मला माहीत नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. पांढऱ्या फुलाचं, तीन धुण्यांचं, दहा दिवसांचं. मीटर चहाच्या डब्यात होतं हेही. त्याची अरबी तोकडी. मोठ्या गोष्टी सांगायला तिच्यात शब्दच नव्हते, तेव्हा त्या लहानच होऊन बाहेर येत होत्या. मी पाणी खूप काढलं. माझ्या गावी असं करतात. माझ्या गावी पाऊस आहे.

अरवा दारात येऊन उभी होती. "मी दर आठवड्याला विचारत होते," ती म्हणाली. "दर आठवड्याला, शौकत. तू म्हणायचास, बघितलं."

"हो."

"म्हणायचास, बाराशे. आकडासुद्धा सांगायचास."

"हो."

अलीनं पाणी मागितलं. अरवा नको म्हणाली, डॉक्टरांनी खारं बंद केलंय म्हणाली. त्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं. शौकतनं पेला भरून आणला, म्हाताऱ्याच्या ओठाला लावला. अर्धं हनुवटीवरून सांडलं. अलीनं तोंडात धरलं, डोळे मिटले आणि मान कलवून पेल्यातच थुंकलं.

"तू गिळायचास?" त्यानं विचारलं.

शौकतनं मान हलवली.

"अकरा वर्षं?"

"पाणी थुंकायचं नाही असं आमच्याकडे—"

"जो पितो त्याला कळत नाही," अली म्हणाला. चिडून नव्हे, मुलाला पाढा परत सांगावा तसं. "म्हणून थुंकायचं. माझी आई घरच्या कुणाला चाखूच द्यायची नाही. मोत्यांच्या होड्यांवरून माणसं यायची, महिनाभर दुसरं पाणी प्यालेली, त्यांना चाखायला लावायची. मी तुला एवढंच सांगितलं, थुंक. का ते सांगितलं नाही." तो थांबला. श्वास जमवला. "मला वाटलं, कळेल."

"परत होईल गोड?"

"माझ्या बापाच्या वेळी एकदा झालं होतं. मिसरहून एक एंजिन आणलं होतं कुणीतरी. विहीर सहा वर्षं झाकून ठेवली." त्याची नजर खिडकीतून विहिरीच्या दगडी काठावर गेली आणि तिथंच राहिली. सहा वर्षांचा हिशोब तिघांनीही मनात केला आणि तिघांनीही तो बोलून दाखवला नाही.

अरवानं पेला घेतला. "पंपाची तार मी आज काढते," ती म्हणाली. मग, जरा वेळानं, शौकतकडे न बघता: "भाजी नसली तर बागेत वर्षभर माणूस लागत नाही. खजुराचा हंगाम होऊ दे. इकामा सफर महिन्यात संपतो ना?"

"सफरमध्ये."

"तोवर राहा."

अली काही बोलला नाही. शौकतला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल.

फाटकाशी कादिर होता. आज गाडी नव्हती. बायका मात्र चार झाल्या होत्या, आणि कालची म्हातारी सर्वांत पुढे.

"आज कितना, भाई?"

"खलास."

"आज का खलास?"

"काकडी का खलास. बाग का खलास."

कादिर चेष्टा करायला तोंड उघडून तसाच राहिला. म्हातारीनं अरबीत विचारलं, उद्या? शौकत म्हणाला, उद्याही नाही. फेरी कधी, तिनं विचारलं, जणू फेरी तोच चालवत होता. वारा पडला की, तो म्हणाला. तिनं पिशवीची घडी केली, घडीची घडी केली आणि धुळीतून चालू लागली. बाकीच्या तिच्या मागून गेल्या.

कादिर रेंगाळला. "पानी गया?"

"मैंने निकाला."

"अल्लाह मालिक," कादिर म्हणाला आणि त्याच्या खांद्याला हात लावून गेला.

शौकत बागेत आला. चार वाफ्यांत वेल अजून उभे होते, दोऱ्यांना धरून, खालची पानं वाळलेली आणि शेंड्याला एकेक पिवळं फूल. बकऱ्या दोन दिवस सुक्या चाऱ्यावर होत्या. फेरी बंद, म्हणून त्यांचाही दाणा आला नव्हता. कुंपणापाशी त्यांची कुरकुर चालली होती. त्यानं रुमाल नाकावर आवळला, विळा घेतला आणि पहिल्या वाफ्याच्या टोकाशी उकिडवा बसला. वेल बुंध्याशी कापला, दोरीची गाठ सोडवली. दोरी चांगली होती. ती गुंडाळून बाजूला ठेवली. वेल हाताला गुंडाळून काढला आणि कुंपणापलीकडे टाकला. बकऱ्या धावल्या. तो दुसऱ्या वेलाकडे सरकला.